बॉडी घेऊ की लेन्स? दुकानात जाण्याआधी आपल्याच फोटोंना विचारा

सहली, ट्रेक, होमस्टे अशा व्यवसायात असलेल्या मंडळींकडून एक प्रश्न वर्षातून दोनदा तरी हमखास येतो. एकदा पावसाळा तोंडावर आला की, आणि एकदा दिवाळीच्या ऑफर लागल्या की. "सर, ऐंशी हजार बाजूला ठेवलेत. कॅमेऱ्याची नवी बॉडी घेऊ की चांगली लेन्स?"

यूट्यूबवर याची उत्तरं ढिगाने आहेत. बहुतेक ठिकाणी सांगतात की लेन्समध्ये पैसे घाला, बॉडी काय जुनी होतच असते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कारण तो छंद म्हणून फोटो काढणाऱ्याला दिलेला सल्ला आहे. तुमचे ऐंशी हजार हे धंद्यातले पैसे आहेत. त्यातूनच गाडीचा अॅडव्हान्स जाणार, जेवणवाल्याचं बिल जाणार. म्हणून आज आपण हा प्रश्न खरेदीचा म्हणून न बघता गुंतवणुकीचा म्हणून बघू.

एक उदाहरण घेऊ. समजा साताऱ्याकडचा एक तरुण आहे. बारा-पंधरा जणांचे छोटे ग्रुप घेऊन तो कास, अजिंठा-वेरूळ, कोकण अशा सहली करतो. पाहुण्यांचे फोटो काढतो, सहल संपली की अल्बम विकतो आणि त्यातलेच निवडक फोटो पुढच्या सहलीच्या जाहिरातीला वापरतो. म्हणजे फोटो हा त्याचा मालही आहे आणि जाहिरातही. कॅमेरा आठ वर्षं जुना, २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर. लेन्स एकच, बॉडीबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स. दुकानदार म्हणतोय, "फुल फ्रेम घ्या साहेब, क्वालिटी कुठल्या कुठे जाईल. ईएमआय करून देतो."

थांबा. ईएमआयकडे नंतर येऊ.

आधी रद्दी तपासा

आपण काय करतो, चांगले फोटो बघून खूश होतो. धंद्याचं शिक्षण मात्र टाकून दिलेल्या फोटोंत असतं. मागच्या दोन-तीन सहलींचे सगळे फोटो संगणकावर उघडा. जे विकता आले नाहीत, जाहिरातीला वापरता आले नाहीत, ते वेगळे काढा. प्रत्येकासमोर एका शब्दात कारण लिहा. हलला, अंधार, दाणेदार, फोकस चुकला, लांबून काढला, जागेत मावलं नाही, फ्रेमच वाईट. फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ आणि किती एमएमला काढला हे सगळं नोंदलेलं असतं, तेही शेजारी लिहा. तासाभराचं काम आहे. वहीत करा, एक्सेलमध्ये करा, पण करा.

आता आपल्या साताऱ्याच्या मित्राची वही बघू. त्याचे सर्वांत जास्त फोटो वाया गेलेत ते अजिंठ्याच्या लेण्यांत, कोकणातल्या घरांच्या माजघरात आणि संध्याकाळच्या शेकोटीपाशी. कारण एकच, हलला. शटर स्पीड बघितला तर १/१५. अहो, माणूस नुसता हसला तरी १/१५ ला चेहरा पुसट येतो.

अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि परवानगीशिवाय ट्रायपॉडही लावता येत नाही. भित्तिचित्रं जपायची तर उजेडही मंदच ठेवणार, आणि ते बरोबरच आहे. मग पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभ्या असलेल्या पाहुण्यांचा फोटो काढायचा कसा? तिथे आहे तेवढाच उजेड कॅमेऱ्यात जास्तीत जास्त घ्यायचा, दुसरा मार्ग नाही.

आता गणित करू. किट लेन्स ३५ एमएमला जास्तीत जास्त एफ ४.५ च्या आसपास उघडते. एफ १.८ ची ३५ एमएम लेन्स घेतली तर? ४.५ ला १.८ ने भागा, २.५ आले. त्याचा वर्ग करा, सव्वासहा. म्हणजे सहापट उजेड! १/१५ चा शटर स्पीड त्याच आयएसओवर थेट १/९० च्या आसपास जातो. उभा राहून हसणारा, बोलणारा माणूस या वेगात नीट येतो.

आणि त्याच पैशात, किंबहुना कितीतरी जास्त पैशात, फुल फ्रेम बॉडी घेतली तर? मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, हे खरं. फरक साधारण सव्वा स्टॉपचा, म्हणजे दुपटीपेक्षा थोडा जास्त. १/१५ चं फार तर १/३५ होईल. सहापट कुठे आणि सव्वादोनपट कुठे!

पण खरी मेख पुढेच आहे, आणि दुकानदार ती बिल झाल्यावर सांगतो. तुमची १८-५५ ही क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली लेन्स आहे. फुल फ्रेमवर ती पूर्ण सेन्सर व्यापतच नाही. काही कंपन्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर ती बसतही नाही. जिथे बसते तिथे कॅमेरा सेन्सरचा मधला तुकडा तेवढा वापरतो, २४ मेगापिक्सेलचे दहा-साडेदहा उरतात, आणि मोठ्या सेन्सरचा जो फायदा म्हणून पैसे मोजले तोही जातो. म्हणजे बॉडीच्या मागोमाग लेन्स घ्यावीच लागणार. ऐंशी हजारांची खरेदी बघता बघता सव्वा-दीड लाखाची होते. धंदा अडचणीत येतो तो अशाच न लिहिलेल्या खर्चामुळे.

मग कुठली लेन्स?

इथे लोक पटकन ५० एमएम एफ १.८ घेतात. सर्वांत स्वस्त, सगळीकडे मिळते, नावही मोठं. कार्तिए-ब्रेसाँसारख्या फोटोग्राफरने बरंचसं काम ५० एमएमवर केलं, हे खरं आहे. पण त्याचा कॅमेरा ३५ एमएम फिल्मचा होता, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम. क्रॉप सेन्सरवर तीच ५० एमएम ७५-८० सारखी वागते. व्यक्तिचित्राला उत्तम. माजघरात मात्र पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये दोनच माणसं मावतात. प्रवासाच्या फोटोंसाठी क्रॉप बॉडीवर ३५ किंवा २४ एमएम जास्त कामाची. आपल्याला कुठली लागेल हे परत त्या वहीतच दिसेल. बहुतेक फोटो १८ ते २५ च्या दरम्यान काढलेत की ३५ ते ५५ च्या? अंदाज नको, मोजा.

एफ १.८ ची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. अॅपर्चर इतकं उघडलं की फोकसची खोली कमी होते. तीन रांगांत उभ्या असलेल्या पंधरा जणांचा जवळून ग्रुप फोटो एफ १.८ ला काढलात तर पहिली रांग स्पष्ट आणि मागचे काका धूसर. काकांनीही पैसे भरलेत! तिथे एफ ४ किंवा ५.६ ला या आणि ग्रुप उजेडात उभा करा. दुसरं, जुन्या डीएसएलआरवर अशा लेन्सचा फोकस कधीकधी जरा पुढे किंवा मागे पडतो. लेन्स घेतली की त्याच दिवशी लाइव्ह व्ह्यू आणि व्ह्यूफाइंडर दोन्हींतून तोच फोटो काढून ताडून बघा. वॉरंटीत असतानाच.

"जागेत मावलं नाही" असं कारण वहीत जास्त असेल, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, होमस्टेच्या छोट्या खोल्या, तर तुम्हाला १० एमएमपासून सुरू होणारी अल्ट्रावाइड लागणार. होमस्टेवाल्यांना तर मी हीच आधी घ्या म्हणेन, पाहुणा खोली बघूनच बुकिंग करतो. फक्त माणसं फ्रेमच्या कडेला उभी करू नका, चेहरे ताणले जातात.

कासच्या पठारावरची सीतेची आसवं किंवा दवबिंदू टिपायचेत तर प्रश्न पुन्हा वेगळा. फुलं नखाएवढी, आणि ती तुडवायची नसतील तर वाटेवरूनच टिपायची. मॅक्रो लेन्स उत्तम, पण हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. वर्षातल्या काही आठवड्यांसाठी एवढी लेन्स विकत कशाला? मुंबई-पुण्यात ती दिवसाच्या भाड्याने मिळते. भाड्याचा पर्याय आपले लोक फार कमी वापरतात. मंडप भाड्याने, भांडी भाड्याने, बस भाड्याने, आणि लेन्स मात्र विकतच पाहिजे! कुठलीही लेन्स घेण्याआधी एका सहलीपुरती भाड्याने नेऊन बघा, दोन-तीन दिवसांत कळतं की ती पिशवीतच राहते की कॅमेऱ्यावर.

बॉडी कधी घ्यायची?

आता दुसरी बाजू. काही धंद्यांत बॉडीच आधी घ्यावी लागते, आणि तिथे "लेन्समध्ये पैसे घाला" हा सल्ला ऐकलात तर नुकसान होईल.

पहिलं, तुमचं गिऱ्हाईक हलत्या गोष्टींसाठी पैसे देत असेल तर. वारीतलं रिंगण, घोडा धावतोय, भोवती गर्दी. किंवा ताडोब्यात पहाटेच्या उजेडात झाडीतून निघालेला वाघ. उडणारा पक्षी. जुन्या कॅमेऱ्याला मोजकेच फोकस पॉइंट, तेही मधोमध. नवे मिररलेस कॅमेरे माणसाचा, प्राण्याचा, पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. वहीत "फोकस चुकला" हे कारण पानभर असेल तर त्याला बऱ्याचदा बॉडीच उत्तर असते.

दुसरं, व्हिडिओ. आज सहलीची निम्मी जाहिरात रीलवर होते. जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस व्हिडिओत चाचपडतो, मागे-पुढे होत राहतो. तुम्ही फोटोपेक्षा व्हिडिओच जास्त विकत असाल तर विचार बॉडीपासून सुरू करा.

तिसरं, दुहेरी कार्ड. सहलीबरोबर प्री-वेडिंग, लग्न अशी पैसे घेऊन कामं करत असाल तर एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिणारी बॉडी पाहिजे. कार्ड बिघडलं तर लग्न परत लावता येत नाही.

चौथं, माउंट. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये नवे माउंट आणले, आरएफ आणि झेड. जुन्या ईएफ माउंटवर आज मोठी रक्कम घालायची का, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून नव्या कॅननवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनमध्ये मात्र बघून घ्या. एएफ-एस लेन्स एफटीझेड अॅडॅप्टरवर ऑटोफोकस करतात, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सना त्यावर हाताने फोकस करावा लागतो. पुढे बॉडी बदलली तरी बरोबर येईल अशीच लेन्स घ्या.

मेगापिक्सेलसाठी बॉडी बदलणार असाल तर कृपया बदलू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. ३०० डीपीआयला २० बाय १३ इंचांचा प्रिंट निघतो. अल्बमला आणखी काय पाहिजे? फोर-के स्क्रीनलासुद्धा आठ-सव्वाआठ मेगापिक्सेलच लागतात.

आता हिशेब

आपल्या मित्राने लेन्स घ्यायचं ठरवलं, खर्च समजा ३०,००० रुपये. सुधारलेल्या फोटोंमुळे एका सहलीमागे अल्बमचे २,००० रुपये जादा सुटले तर १५ सहलींत लेन्स फिटली. एक हंगाम, फार तर दीड. दीड लाखाच्या बॉडी-लेन्सला त्याच हिशेबाने ७५ सहली लागतात. तोपर्यंत बॉडीचा विक्रीचा भाव निम्म्यावर येऊ शकतो. लेन्सचा भाव त्या मानाने हळू उतरतो.

ईएमआयचं म्हणाल तर हप्ता मे महिन्यातही जातो आणि सहली नसलेल्या महिन्यातही जातो. "नो कॉस्ट" लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी किती, हे आधी लेखी घ्या. जीएसटी नोंदणी नियमित योजनेत असेल तर बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या, इनपुट क्रेडिटचा विषय तिथून सुरू होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर ते क्रेडिट मिळत नाही. घसारा कसा धरायचा ते तुमच्या सीएंना विचारा.

उरलेल्या पन्नास हजारांतले थोडे एक जादा बॅटरी, बरं कार्ड आणि हवाबंद डबा यांवर घाला. डब्यात सिलिका जेल आणि पाचशे-सहाशेचा आर्द्रतामापक. कोकणात, घाटावर पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. सिलिका जेल ओलं झालं की गरम करून वाळवून परत वापरता येतं.

आणि जुनी लेन्स घेत असाल, घ्यायला काहीच हरकत नाही, तर विकणाऱ्यासमोर चार गोष्टी करा. अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, भाव कितीही पाडला तरी सोडून द्या. एखाद-दुसऱ्या धुळीच्या कणाने काही बिघडत नाही. फोकस रिंग फिरवताना ती अडकते का, खरखरते का ते बघा. आपल्या बॉडीवर लावून एफ १.८ ला आणि एफ ८ ला तोच फोटो काढा, मोठा करून चारही कोपरे तपासा. मग पैसे द्या, तेही यूपीआयने, म्हणजे नोंद राहते.