न्यूटनची वलये : दोन काचांमधील उजेड आणि अंधार

पावसात ओल्या रस्त्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात. ते रंग तेलाचे नसतात. पातळ थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने ते दिसतात. यालाच प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात. आपल्या सोलापुरात बी.एस्सी. करताना हाच विषय प्रयोगशाळेत 'न्यूटनची वलये' या प्रयोगात समोर येतो.

सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवले की दोहोंमध्ये हवेचा थर राहतो. स्पर्शबिंदूपाशी त्याची जाडी शून्य असते व बाहेर ती वाढत जाते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश (तरंगलांबी सुमारे ५८९३ अँगस्ट्रॉम) वरून पडला की थराच्या दोन्ही पृष्ठभागांवरून लहरी परततात. शीर्षावर शीर्ष आले तर उजेड, शीर्षावर गर्त आले तर अंधार. सारख्या जाडीच्या जागा वर्तुळावर येतात, म्हणून वलये दिसतात.

मग केंद्र काळे का? खालच्या काचेवरून परतणारी लहर उलटी होते, वरची होत नाही. म्हणून जाडी शून्य असूनही तेथे अंधार पडतो.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पातळ थरांतील रंगांचे वर्णन केले. न्यूटनने वलयांची बारीक मोजमापे घेऊन ती १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात दिली. पण तो प्रकाश कणांचा मानीत असे. लहरींच्या आधारे खुलासा थॉमस यंग याने १८०१ मध्ये केला.

या प्रयोगाची सूक्ष्मता पाहा. भिंगाची वक्रता-त्रिज्या १ मीटर असेल, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास सुमारे ४.९ मिलिमीटर येतो. तेथे हवेचा थर जेमतेम ०.००३ मिलिमीटर असतो!

प्रात्यक्षिकात कधी केंद्र उजळ दिसते. धुळीचा कण मध्ये आल्याने काचा नीट टेकलेल्या नसतात. घाबरून वाचने 'जुळवू' नयेत. काचा पुसाव्यात. तरीही फट राहिली तर चिंता नको, कारण आपण दोन वलयांच्या व्यासांच्या वर्गांतील फरक घेतो (फरक = ४ × वलय-क्रमांकांतील फरक × तरंगलांबी × वक्रता-त्रिज्या) आणि त्यात फटीचा परिणाम वजा होतो. मात्र सूक्ष्मदर्शक एकाच दिशेने सरकवावा, नाहीतर स्क्रूचा ढिलेपणा वाचनात शिरतो.

तोंडी परीक्षेत सूत्र सर्वच सांगतात. ते असे का, हे सांगता आले तरच प्रयोग खरा समजला.