सर्पगंधेची लागवड: उन्हाळ्याच्या अखेरीची तयारी आणि मुळाच्या सालीचा हिशेब

सर्पगंधा हे साधारण दोन ते तीन फूट वाढणारे, अनेक वर्षे टिकणारे झुडूप असून आयुर्वेदात त्याचे मूळ निद्रानाश, उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर वापरले जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळाचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्यातील रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि त्यानंतर जगभरातून मागणी वाढल्याने जंगलातील झुडपे मुळासकट उपटली जाऊ लागली. त्यामुळे १९९० मध्ये ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. औषधासाठी लागणारे मूळ आता शेतातूनच यावे, हाच या पिकामागचा सर्वांत मोठा आधार आहे.

रायपूरच्या पंडरीसारख्या बाजारवस्तीत घर आणि शहराबाहेर शेत असलेल्या लागवडदाराने प्रथम जमिनीचा विचार करावा. छत्तीसगढच्या मैदानी भागात जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार मानले जातात. भाटा म्हणजे मुरमाड, उथळ, तांबूस जमीन. मटासी म्हणजे पिवळसर, वाळूमिश्रित पोयटा. डोरसा त्याहून चिकण, तर कन्हार ही भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्यांनाही याच नावाने परिचित असलेली भारी काळी जमीन. सर्पगंधेला किंचित आम्ल, भुसभुशीत आणि निचऱ्याची जमीन मानवते, म्हणून मटासी तिला सर्वांत योग्य ठरते. भाट्यात मुळाला खोली मिळत नाही, आणि कन्हारात पावसाळ्यात पाणी साचून मूळ कुजते, शिवाय खोदणीच्या वेळी चिकट मातीत ते तुटते. कन्हाराशिवाय दुसरी जमीनच नसेल, तर हे पीक न घेतलेले बरे.

या पिकातील जवळजवळ सारी औषधी द्रव्ये, म्हणजे अल्कलॉइड नावाची कडू नत्रयुक्त द्रव्ये, मुळाच्या सालीत साठतात. आतल्या लाकडात ती फारच थोडी असतात. म्हणून बियाण्यापासून वाळवणीपर्यंतचे प्रत्येक काम साल वाढेल की गळेल या एकाच कसोटीवर तपासावे. खोडाच्या किंवा मुळाच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात, परंतु बियांपासून वाढलेल्या झाडांना मुळे अधिक येत असल्याने बियाण्याचा मार्गच निवडावा, जरी तो कष्टाचा असला तरी. कष्ट उगवणीचे आहेत: पुष्कळ बिया पोकळ असतात आणि जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. त्याच हंगामातील बी घेऊन ते पाण्यात टाकावे, तरंगणारे काढून टाकावे आणि बुडालेलेच पेरावे. हेक्टरी ५ ते ६ किलो बी लागते. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत अर्धवट सावलीतील गादीवाफ्यावर, कुजलेले शेणखत मिसळून, उथळ ओळीत बी टाकावे. उगवण पंधरा-वीस दिवसांनी सुरू होऊन महिनाभर चालू राहत असल्याने वाफा लवकर मोडू नये, आणि रायपूरच्या मे महिन्यातील उन्हात तो रोज हलका भिजवून पालापाचोळ्याने झाकावा.

रोपे विकत घेणाऱ्याने एक गोष्ट नीट पाहावी. सर्पगंधेची जवळची नातलग असलेली बडी चंद्रिका ही वनस्पती ओसाड जागी सहज वाढते आणि तिचे मूळ भेसळीसाठी वापरले जाते. तिच्या पेरावर बहुधा चार लहानमोठी पाने असतात, तर सर्पगंधेच्या पेरावर बहुतेक वेळा तीन पाने येतात. चुकीचे रोप अठरा महिने जोपासल्यावर मिळणारा माल औषधी मंडईत नाकारला जातो, म्हणून खात्रीचे रोप इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय किंवा राज्याच्या औषधी वनस्पती मंडळाच्या माहितीतील रोपवाटिकेतून मिळवावे.

हेक्टरी सुमारे २५ टन कुजलेले शेणखत मे महिन्यात जमिनीत मिसळून, पाऊस स्थिरावल्यावर जुलैत, ४० ते ५० दिवसांची रोपे दोन ओळींत ४५ व दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून लावावीत. पहिल्या वर्षी दोन-तीन खुरपण्या पुरतात. उन्हाळ्यात महिन्याला दोनदा आणि हिवाळ्यात एकदा पाणी द्यावे. बियाण्यासाठी राखलेली मोजकी झाडे सोडून बाकीच्यांचे फुलोरे खुडावेत, म्हणजे झाडाचे बळ मुळाकडे जाते. पावसाळ्यात पानांवर गडद तपकिरी ठिपके दिसल्यास रोगट पाने काढून जाळावीत. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींसाठी लागवडीपूर्वी निंबोळी पेंड मिसळणे उपयोगी पडते. परसात एकदोन झुडपे लावायची असतील, तर कुंडी किमान दीड फूट खोल असावी.

खोदणीचा काळ मात्र चुकवू नये. जुलैत लावलेले पीक पुढच्या वर्षाच्या डिसेंबर-जानेवारीत, पाने झडून झाड विश्रांतीत गेल्यावर, म्हणजे साधारण अठराव्या महिन्यात खोदावे. त्या वेळी मुळातील अल्कलॉइडचे प्रमाण सर्वाधिक असते. भावाच्या ओढीने पहिल्याच हिवाळ्यात खोदलेल्या मुळाची साल पातळ असते आणि तो तोटा नंतर भरून निघत नाही. आदल्या दिवशी हलके पाणी देऊन मुळे खोलवरून काढावीत, साल न सोलता धुवावीत, १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करून सावलीत ८ ते १० टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवावीत आणि गोणपाटात कोरड्या जागी ठेवावीत. घरातील कोणीही हे मूळ वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नये, कारण रेसरपिनमुळे रक्तदाब अवाजवी उतरू शकतो आणि मन खिन्न होऊ शकते.

परदेशी जाणाऱ्या मालाला तो लागवडीतलाच असल्याचा दाखला लागतो, त्यामुळे लागवडीची नोंद, रोपे घेतल्याची पावती आणि शेताचा उतारा पहिल्या दिवसापासून जपावा, आणि खरेदीदाराशी लेखी करार जुलैत रोपे शेतात जाण्यापूर्वीच पूर्ण करावा.