उसाच्या रानातला स्फुरद : आधी मोजा, मग पोती ठरवा

वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या काळ्या, चुनखडीच्या रानात दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण 15 ते 25 टक्केच मिळतो. बाकीचा चुन्याशी बांधला जातो. नत्रासारखा तो पाण्याबरोबर खाली उतरत नाही, वरच्या थरातच राहतो. दर लागणीला ठरलेली पोती पडत गेली की साठा वाढत जातो. तो फार झाला की पिकाला जस्त आणि लोह उचलता येत नाही. म्हणून पाने पिवळी दिसली तरी खताकडे हात जाण्याआधी माती तपासा.

खोडवा तुटल्यावर, नांगरट आणि शेणखताच्या आधी नमुना घ्या. उसाला खत सरीत पडते, त्यामुळे नुसत्या सरीतली माती घेतली तर आकडा फुगतो आणि नुसत्या वरंब्यावरची घेतली तर खाली येतो. दोन्हींतून सारख्याच जागा निवडा. नागमोडी चालत एकरात दहा-बारा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीस सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासा. बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, उकिरड्याची जागा टाळा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी पिशवी मुळीच वापरू नका.

प्रयोगशाळेत स्फुरद ऑल्सेन पद्धतीने मागा. सामू, चुनखडी, सेंद्रिय कर्ब, जस्त आणि लोहही तपासून घ्या.

अहवाल हातात आला की पहिल्यांदा एकक पाहा. अहवालातला आकडा बहुधा मूळ स्फुरदाचा असतो, पोत्यावरचा पी₂ओ₅चा, पहिल्याला 2.29 ने गुणले की दुसरा मिळतो. मूळ स्फुरद हेक्टरी 10 किलोच्या आत असेल तर कमी, 25 च्या वर असेल तर भरपूर. कमी असेल तर शिफारशीपेक्षा 25 टक्के जास्त, मध्यम असेल तर शिफारशीइतका, भरपूर असेल तर 25 टक्के कमी द्या.

सुरू उसाला स्फुरदाची शिफारस (पी₂ओ₅ म्हणून) हेक्टरी 115 किलो, म्हणजे एकरी 46. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असतो. दोन पोत्यांत हिशेब पुरा झाला. तरीही वरून 10:26:26 ची दोन पोती टाकली जातात आणि आणखी 26 किलो स्फुरद रानात जातो. साठा असा वाढतो. रान भरपूर निघाले तर दीड पोतेच डीएपी पुरे. अर्धे लागणीला, अर्धे मोठ्या बांधणीला, मातीआड करून द्या. कमी झालेल्या अर्ध्या पोत्यातले नत्र भरायला दहा किलो युरिया लागतो. पालाश वेगळा द्या. कारखान्याची मळी घातली असेल तर तिच्यातला स्फुरदही धरा.

स्फुरद एकदम बंद मात्र करू नका. कोवळ्या मुळांना तो जवळ लागतो. हेक्टरभर बेण्यासाठी 100 लिटर पाण्यात ॲसेटोबॅक्टर 10 किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सव्वा किलो मिसळून टिपऱ्या अर्धा तास बुडवा. बुरशीनाशकाची प्रक्रिया त्याआधी उरकलेली हवी. खोडव्यात पाचट जाळू नका, कुजवा.

पुढचा खोडवा तुटला की त्याच जागांवरून पुन्हा नमुना घ्या, दोन्ही अहवाल शेजारी ठेवा आणि मगच खताच्या दुकानात जा.