दिवाळीच्या आठवड्यात फोन कोण उचलेल?

अगं, तुझ्या वेबसाइटसाठी आलेली दोन्ही कोटेशनं काल रात्री नीट वाचली. एकट्याने काम करणाऱ्या त्या मुलाचं 80 हजारांचं, आणि एजन्सीचं अडीच लाख अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2 लाख 95 हजार. आकडा बघून तुझ्या पोटात गोळा आला असणार. पण तू परराज्यांत आणि परदेशात फराळ पाठवतेस, तुझं जीएसटी रजिस्ट्रेशन आहेच. ते 45 हजार तुला क्रेडिट म्हणून वळते करून घेता येतील. तेव्हा खरा फरक 1 लाख 70 हजारांचा. तोही थोडा नाही, पण नुसत्या त्यावर ठरवू नकोस.

तुझा धंदा मी जवळून बघते ना. एरवी दिवसाला चार-दोन ऑर्डरी, आणि गणपती उठले की झुंबड. आधी अमेरिका-दुबईची पार्सलं, मग पुण्या-मुंबईची. आता सांग, वसुबारसेच्या आदल्या रात्री पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही, तर फोन कोण उचलेल? तो मुलगा गावी गेलेला असेल, आणि एजन्सीचं ऑफिसही सुट्टीवर असेल. एजन्सी म्हटली की माणसं सदैव हजर, असं धरून चालू नकोस. दोघांनाही हे तोंडावर विचार आणि जे सांगतील ते करारात लिहून घे. मुलाला म्हणावं, तू नसताना काम बघेल असा तुझ्या ओळखीचा एक माणूस आत्ताच दाखव. एजन्सीला म्हणावं, गोड बोलणारा सेल्सवाला राहू दे, प्रत्यक्ष कोड कोण लिहिणार त्याच्याशी माझी गाठ घालून द्या.

आता चिवड्याचं बघ. तुझं खोकं 30 बाय 25 बाय 20 सेंटीमीटरचं. परदेशी कुरिअरवाले या तिन्हींचा गुणाकार करून 5,000ने भागतात. 15,000 भागिले 5,000, झाले 3 किलो. आत चिवडा भरलाय दोनच किलो, तरी बिल तिनाचं येतं. वेबसाइटने हा हिशेब गिऱ्हाइकाने पैसे भरायच्या आधी केला नाही, तर प्रत्येक पार्सलमागे फरक तुझ्या खिशातून जाणार. तूच म्हणालीस, त्या मुलाने पहिल्याच भेटीत खोक्याची मापं विचारली आणि एजन्सीने सुंदर रंगांची पानं दाखवली. माझं मन तिथेच त्याच्याकडे झुकलं. आपलं काम समजून घ्यायची ज्याला उत्सुकता आहे, त्याच्या हातून ते बरं होतं.

पण त्याला काम देणार असशील, तर दोन गोष्टींत भिडस्तपणा करू नकोस. पहिली म्हणजे नावं. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे, कोड ठेवायचं खातं, सगळं तुझ्या ईमेलवर आणि तुझ्या नावाने उघडायचं. त्याला फक्त आत यायची परवानगी द्यायची. आमच्या ओळखीच्या एका बाईंचं डोमेन त्यांची साइट करणाऱ्याच्या ईमेलवर होतं. तो नोकरी लागून परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जात राहिल्या आणि एक दिवस साइटच उघडेना. एवढ्या वर्षांचं नाव, ते पुन्हा मिळवताना त्या रडकुंडीला आल्या.

दुसरी गोष्ट कोडवरच्या हक्काची. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं आपण धरून चालतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेला कोड लेखी हस्तांतर होईपर्यंत सहसा त्याचाच राहतो. एजन्सीने केला, तर तिचा. आणि कागद केला तरी त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द करारात हवेत, खाली त्याची सही हवी.

उद्या तू तीन ठिकाणी स्वयंपाकघरं काढलीस, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर अ‍ॅप हवं झालं, डिलिव्हरीची पोरं ठेवलीस, तर मीच तुला एजन्सीकडे धाडेन. तेवढं काम एका माणसाच्या अंगावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. आज तुला पंधरा पदार्थ, वजनाचा चोख हिशेब आणि बिनचूक पेमेंट एवढंच हवं आहे.

तेव्हा त्या मुलालाच सांग. साइट गणपतीच्या आधी सुरू झाली पाहिजे. सगळे पैसे एकदम देऊ नकोस. 30 टक्के आधी, 50 टक्के काम जसं दिसेल तसे, आणि उरलेले 20 टक्के पहिल्या वीस-पंचवीस खऱ्या ऑर्डरी सुरळीत गेल्यावर. देखभालीचे वर्षाचे पैसे वेगळे ठरव, फुकट करून घेऊ नकोस. कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठव, मी वाचून देते.