पगार येतो कुठून, ते आधी पाहा

हिंजवडी-खराडीत चार-पाच वर्षं नोकरी केलेल्या मुलाला किंवा मुलीला बाहेरून ऑफर येते आणि घरात दोन तट पडतात. मुलं म्हणतात, तीस टक्के वाढ मिळतेय, आत्ता स्विच नाही मारायचा तर कधी? आई-वडील म्हणतात, अमेरिकेत रोज नवीन काहीतरी निघतंय, कंपन्या माणसं कमी करताहेत, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? भांडण कितीही झालं तरी दोघंही एक गोष्ट धरूनच चाललेले असतात: काळ बरा असेल तर नोकरी बदलावी, वाईट असेल तर बदलू नये. मला ही मांडणीच चुकीची वाटते. वाईट काळ सगळ्यांच्या दारात एकाच वेळी येत नाही. तो कोणाच्या दारात येणार, हे पगाराचा पैसा मुळात कुठून येतो यावर पुष्कळसं ठरतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. अंधेरीच्या सीप्झमधून दागिने घडवून अमेरिकेला पाठवणाऱ्या कारखान्यांना त्याची थेट झळ बसली. औषधं मात्र त्या वाढीतून वगळलेली होती. शहर एकच, दोन्ही उद्योग निर्यातीचे, निर्णयही एकाच सरकारचा. तरी दागिन्यांचं डिझाइन करणारी मुलगी आणि औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा तिचा भाऊ यांनी त्या महिन्यात एकच सल्ला ऐकण्यात अर्थ नव्हता. पुढच्याच महिन्यात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ज्यांना फक्त व्हिसाचं नूतनीकरण करायचं होतं त्यांना ते लागू नव्हतं, पण ऑनसाइट जायला मिळेल या एका आशेवर कंपनी बदलणाऱ्याचा हिशेब रातोरात बिघडला. म्हणून पॅकेजचा आकडा पाहण्याआधी नव्या कंपनीचं उत्पन्न पाहावं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात कोणत्या भागातून किती पैसा येतो ते दिलेलं असतं. टीसीएससारख्या कंपनीचा जवळपास निम्मा महसूल उत्तर अमेरिकेतून येतो. जुनी कंपनी अमेरिकेतल्या बँकांची कामं करत असेल आणि नवीही तेच करत असेल, तर आपण फक्त इमारत बदलतो. धोका तोच राहतो, आणि वर नव्या जागी आपण सगळ्यात नवखे असतो.

हे नवखेपण फार महाग पडतं, आणि उत्साहात नेमकं तेच विसरलं जातं. नव्या माणसाचा प्रोबेशन चालू असतो, त्याच्यावाचून अडेल असा प्रोजेक्ट अजून हातात नसतो आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा वरिष्ठही नसतो. कामगार कायद्यातली कपातीची भरपाई एक वर्षाच्या सलग सेवेनंतरची, आणि कपातीचं तत्त्व शेवटी आलेल्याने आधी जावं असं. कायम नोकरीतली ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांनंतर मिळते. मूळ पगार ४० हजार असणाऱ्याने साडेचार वर्षांवर पेपर टाकले, तर थोडं थांबून मिळाले असते असे सुमारे १ लाख १५ हजार रुपये त्याने सोडले. आता वाढीचं गणित करू. हातात ६० हजार येत होते, आता ७८ हजार येणार. महिन्याला १८ हजार जास्त. ही नोकरी गेली आणि पुढची मिळायला चार महिने लागले, तर जुन्या पगाराच्या हिशेबानेच २ लाख ४० हजारांची खोट येते. ती भरून निघायला नव्या जागी तेरा-चौदा महिने टिकावं लागतं. तेव्हा ‘पगार किती’ याच्या जोडीला ‘ही खुर्ची सव्वा वर्ष टिकेल का’ हेही विचारावं. २०२२ च्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसमधलं नोकरी सोडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. जो तो उडी मारत होता. त्याच वर्षी अमेरिकेत व्याजदर चढू लागले, स्टार्टअपना मिळणारा स्वस्त पैसा आटला, आणि ऑक्टोबरमध्ये बायजूजने अडीच हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. जिथे पगार ग्राहकाच्या पैशातून न येता गुंतवणूकदाराच्या पैशातून येतो, तिथे हा सव्वा वर्षाचा प्रश्न दोनदा विचारावा.

यावर कोणी म्हणेल, मग आहे तिथेच राहणं सुरक्षित. तसंही नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांत मधल्या व वरच्या फळीतली माणसं जास्त असतील असंही सांगितलं. म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसल्यानेही अभय मिळत नाही. तीच जुनी प्रणाली सांभाळत बसलेल्याला पुढे बाजारात विचारणारं कोणी राहत नाही, हा थांबण्याचा खर्च, आणि तो पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त समंजस वाटतो: धुरळा बसेपर्यंत थांबावं. पण २००८, २०२०, २०२२, २०२५ ही वर्षं नुसती ओळीने लिहिली तरी धुरळा किती काळ बसलेला असतो ते दिसतं. पंचविशीतल्या मुलाने प्रत्येक वेळी थांबायचं ठरवलं, तर शिकण्याची वर्षंच त्यात जातील. थांबायचंच असेल तर कशासाठी, हे ठरलेलं असावं: ग्रॅच्युइटीचे उरलेले महिने, एखादं प्रमाणपत्र, चालू प्रोजेक्टचा शेवट. नुसतं ‘वातावरण’ निवळण्याची वाट पाहायला मुदत नसते.

पालकांनी इथे भीती घालण्यापेक्षा घरचा हिशेब मांडावा. दोन महिने पगार आला नाही तर काय होईल? सहा महिने? वडिलांचं पेन्शन चालू आहे, डोक्यावर कर्ज नाही, अशा घरातल्या मुलाने धोका पत्करणं वेगळं. गृहकर्जाचा हप्ता आणि धाकट्या बहिणीची फी एकट्याच्या पगारावर असणाऱ्याने तोच धोका घेणं वेगळं. नव्या पगाराच्या भरवशावर फ्लॅट बुक करणं हा तर मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो, कारण वाढलेली मिळकत त्याच दिवशी बांधली जाते. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांकडे मात्र गमावण्यासारखं फार थोडं असतं. ग्रॅच्युइटी नाही, हप्ता नाही. त्यांनी पहिली नोकरी निवडताना धोक्यापेक्षा शिकायला काय मिळेल ते पाहिलं तर मी अडवणार नाही.

राहिला व्यवहार. ऑफर लेटर हाती आलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. २०२२ मध्ये निवड होऊनही दोन वर्षं रुजू करून न घेतल्याची इन्फोसिसविरुद्धची सुमारे दोन हजार अभियंत्यांची तक्रार पुण्यातल्या नाइट्स या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेली होती. आयटीत नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो, आणि तेवढ्यात समोरच्या कंपनीचा प्रोजेक्ट जाऊ शकतो. म्हणून रुजू होण्याची तारीख लेखी घ्यावी, कोणत्या ग्राहकासाठी आणि कोणत्या टीममध्ये घेत आहेत ते विचारावं, आणि नोटीस कमी करून घेता येते का हे राजीनाम्याआधी पाहावं. पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर बसू शकतो, वळवला तर आधीची सेवा धरली जाते. आणि जुन्या साहेबाशी शेवटच्या दिवशी भांडू नये. नवी ऑफर नोटीसच्या काळातच मागे घेतली गेली, तर दिलेला राजीनामा परत घेऊ द्यायचा की नाही, हे त्याच्याच हातात असतं.