उतारावरचे पाय

घाट उतरताना पायडल मारायचं की सायकल मोकळी सोडायची, असं नवी मंडळी विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात वेग असतो. माझ्या डोळ्यांपुढे पसरणी घाटातलं एक डावं वळण येतं.

डिसेंबरातली सकाळ. पाचगणीहून आम्ही वाईकडे उतरत होतो. पुढचा मित्र चांगला कसलेला, पण वळणातही त्याचे पाय थांबत नव्हते. सायकल डावीकडे कलली, नेमकं तेव्हाच डावं पायडल खाली आलं आणि डांबराला अडलं. मागचं चाक उचललं गेलं, तो खांद्यावर आपटला आणि घसरत रस्त्याच्या मध्यावर गेला. समोरून एसटी चढत होती. चढामुळे तिचा वेग कमी होता, म्हणून ड्रायव्हरला ती थांबवता आली. हासळीचं हाड मोडण्यावर निभावलं.

तेव्हा वळणात पाय थांबलेच पाहिजेत. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, शरीराचा भार त्यावर; आतलं वर. डाव्या वळणाला उजवा पाय खाली, उजव्याला डावा. दोन्ही ब्रेक वळणाच्या आधीच लावून वेग उतरवायचा. कललेल्या सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक निसटतं. हे सपाट रस्त्यावर, सावकाश, अंगवळणी पाडून घ्या. घाटात विचार करायला वेळ मिळत नाही.

सरळ पट्ट्यात मात्र पाय अगदी निपचित ठेवू नयेत. थंडीत मांड्या गारठतात आणि पायथ्याशी पुन्हा जोर लावताच गोळा येतो. जड गिअर टाकून हलकेच फिरवत राहावं.

वेगासाठी मारत असाल, तर त्याला मर्यादा आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असलेली साधी सायकल मिनिटाला ९० फेऱ्या मारूनही ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच जाते. त्यापुढे पाय नुसते पोकळ फिरतात. गिअरच्या सायकलवर पन्नाशीपर्यंत जोर लागतो, पण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तिथे पायडलपेक्षा कोपर आत घेऊन वाकण्याचा उपयोग जास्त. टीव्हीवर पाहून सीटपुढच्या आडव्या नळीवर बसायला मात्र जाऊ नका. जागतिक सायकलिंग संघटनेने ती बैठक २०२१पासून व्यावसायिक शर्यतींतही बंद केली आहे, आणि तिथे समोरून एसटी येत नसते.

रिम ब्रेक असतील तर ते सतत दाबून ठेवू नका. रिम तापून ट्यूब फुटू शकते. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा. लांब घाटात मध्ये थांबून रिम निवू द्या, पण वळणावर नाही. दोन्हीकडची वाहनं लांबून दिसतील अशा सरळ जागी, रस्त्याच्या कडेला उतरून.