मायक्रोकंट्रोलर : अल्प खर्चातील साधनांची निवड

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटासा संगणक होय. बंगळूर शहरातील सदर पत्रप्पा मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी रूढ असलेल्या ‘एस. पी. रोड’वर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दाटीवाटीने वसलेली दुकाने आहेत. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पैसे बेताचेच असतात. अशा वेळी कोणती चिप सर्वांत स्वस्त आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. हातून घडणारी चूक किती स्वस्तात दुरुस्त होईल, हा खरा प्रश्न होय.

इंटेल कंपनीची ८०५१ ही चिप १९८० साली बाजारात आली. तिच्या ८७५१ या प्रकारात लिहिलेला कार्यक्रम पुसण्यासाठी चिपवरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. त्यात बराच वेळ जाई. शिवाय कार्यक्रम भरण्याचे यंत्र वेगळे घ्यावे लागे. पुढे विजेनेच पुसता येणारी फ्लॅश स्मृती आली आणि ही अडचण दूर झाली.

२००५ साली इटलीतील इव्रेआ येथे अर्डुइनोचा जन्म झाला. त्याच्या ऊनो या बोर्डावरील चिपमध्ये कार्यक्रमासाठी ३२ किलोबाइट आणि कामापुरती २ किलोबाइट स्मृती असते. कार्यक्रम साध्या यूएसबी तारेने भरता येतो. वेगळे यंत्र लागत नाही. या बोर्डाचा आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे अन्य उत्पादकांचे स्वस्त बोर्डही मिळतात. जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीला आलेल्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर कामाची स्मृती २६४ किलोबाइट आहे. तथापि त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्टचा संकेत जोडल्यास चिप निकामी होऊ शकते. म्हणून हाताशी ५ व्होल्टवर चालणारे जुने भाग असतील, तर ऊनो सोयीचा. मोठा कार्यक्रम लिहावयाचा असेल, तर पिको.

दोहोंसाठी लागणारी सॉफ्टवेअर साधने विनामूल्य आहेत. त्यामुळे उरलेल्या पैशांतून प्रथम मल्टिमीटर, नंतर ब्रेडबोर्ड, जोडतारा आणि निरनिराळे रोधक घ्यावेत. रोधकाचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानी येईल. ५ व्होल्टच्या पिनेला लाल एलईडी जोडला असता त्यावर सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या ३ व्होल्टसाठी ३३० ओहमचा रोधक घातल्यास प्रवाह सुमारे ९ मिलिअँपियर राहतो. रोधक गाळल्यास मात्र प्रवाहाला आवर राहत नाही आणि एलईडी किंवा चिपची पिन यांना इजा पोहोचते. काही पैशांचा रोधक अशा रीतीने शेकडो रुपयांचा बोर्ड वाचवितो.

ऑसिलोस्कोपसारखी महाग उपकरणे आरंभी नसली तरी चालते. कार्यक्रम कोठे अडला, हे त्यातील आकडे संगणकाच्या पडद्यावर पाठवूनही शोधता येते. हाती आलेल्या एका बोर्डावर पुन्हा पुन्हा लिहावे, पुसावे आणि जोडणीपूर्वी प्रत्येक व्होल्टता मोजून पाहावी, हाच अल्प खर्चात शिकण्याचा खात्रीचा मार्ग होय.